डावीकडे बसलेले आकडे

रोडपाली, कळंबोली
६ एप्रिल २०२५

मी, खाली सही करणार काशिराम बळीराम मढवी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार रोडपाली, तालुका पनवेल, शिक्षण चौथी उत्तीर्ण, पूर्वीचा मिठागरावरील मोजणीचा मुकादम व हल्ली मढवी कुटुंबाचा प्रमुख, माझी मुलगी दमयंती हिची कन्या चि. हेतल हिला पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही आग्रहावाचून पुढीलप्रमाणे कळवितो.

विषय महत्त्वाचा असल्याने तो दूरध्वनीवर काढला नाही. दूरध्वनीवर माणूस "हो हो" म्हणतो आणि विसरतो. हे पत्र मी स्वहस्ते लिहिले असून तुझा मामेभाऊ परेश याची पत्नी, तुझी वहिनी भाविका, त्याचे छायाचित्र काढून तुला विशाखापट्टणम येथे पाठवील. तुझे उत्तर तिने कागदावर छापून आणावे, असे तिला सांगितले आहे.

मिठाचा हंगाम संपला की शेवटच्या दिवशी मिठागराच्या बांधावर आम्ही सर्व एकत्र जेवत असू. मीठ ओढणारे, टोपल्या वाहणाऱ्या बाया, मचव्यातून मीठ नेणारे उरणचे कोळी बांधव, सर्व एका पंगतीत. त्यास आम्ही उठवणीचे जेवण म्हणत असू. पुढे मिठागरे गेली. त्या जागी इमारती आणि कंटेनरची आवारे झाली, आणि उठवणीचे जेवणही बंद पडले. माणसे मात्र कोठे गेली नाहीत; ती केवळ लांब लांब राहावयास गेली. ती सर्व पुन्हा एकदा एका पंगतीत बसलेली पाहावीत, एवढीच माझी इच्छा आहे. रविवार दिनांक ४ मे हा दिवस मी ठरविला आहे. शेजारधर्म म्हणून आमच्या इमारतीतील कुटुंबांनाही बोलाविले आहे.

जहाजावर हजारो कंटेनर चढविण्याची व्यवस्था तू कार्यालयात बसून करतेस, असे तुझी आई सर्वांना सांगते. तेव्हा जागा व जेवण यांची व्यवस्था तुझ्याकडे सोपवितो. तू पाठविलेला तक्ता संगणकावर उघडला आहे. इमारतीतील नावे भाविका भरील. माझ्या सोबत्यांची नावे मी स्वतः, एका बोटाने का होईना, भरीन. प्रत्येकाचे नाव, गाव आणि येणारी माणसे, असे लिहीत आहे. प्रत्येक आकडा मी मोजणीच्या रिवाजाप्रमाणे बंद करून लिहीत आहे. बेरीज यंत्र करणार असल्याने तिकडे मी पाहत नाही. ज्याचे काम त्याने करावे.

तुझा आजोबा,
काशिराम ब. मढवी


विशाखापट्टणम
१४ एप्रिल

प्रिय आजोबा,

तुमचं पत्र ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवलं. माझ्या तेलुगू बॉसला एक अक्षर कळलं नाही, पण अक्षर बघून म्हणाला, "हे कोर्टाचं आहे का?" मी म्हटलं, त्याहून वरचं आहे.

तक्ता मी रोज मोबाइलवर उघडते आणि वरची बेरीज बघते. ऑफिसमध्येही मी तेवढंच बघते, खालच्या ओळी बघत बसले तर जहाज निघून जाईल. आजोबा, कसं सांगू कळत नाही. आठवडा झाला आणि बेरीज चौतीसवर अडकली आहे. काल चौतीस, आज चौतीस.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मे महिना आहे, प्रत्येकाकडे हळदी-लग्नं आहेत, वयं झाली आहेत. जुनी माणसं येत नाहीत म्हणजे विसरली असं थोडंच आहे? जे येतील त्यांच्यासोबत आपण छान साजरं करू. मी पनवेलला स्टेशनजवळच्या हॉटेलमधला एसी हॉल धरून ठेवला आहे. चाळीस माणसं बसतात. बुफे आहे. पनीर, जिरा राइस, आइस्क्रीम. उन्हाचा त्रास नाही, गुडघे दुमडून खाली बसायला नको.

रागावू नका हं.

तुमची,
हेतल


रोडपाली
१७ एप्रिल

चि. हेतल हिस आशीर्वाद.

तुझे दिनांक १४ चे पत्र भाविकाने छापून आणले. ते मी दोन वेळा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसून घेतला, कारण पहिल्यांदा वाचलेले खरे असेल असे वाटले नाही.

चाळीस माणसांची खोली. पनीर. उभ्याने जेवण.

माझे सोबती येणार नाहीत, हे तुला कोणी सांगितले? मी तर सांगितले नाही. त्यांची नावे मी स्वतः तक्त्यात लिहिली आहेत आणि तो तक्ता तू रोज पाहतेस, असे तूच लिहितेस. तरीही तू केवळ चौतीस धरतेस, याचा अर्थ मला एकच दिसतो. वातानुकूलित खोलीत गालिच्यावर कोणाचे पाय शोभतील आणि कोणाचे नाही, हे तू ठरविले आहेस. उरणहून येणाऱ्या माणसाच्या अंगाला मासळीचा वास असू शकतो, हे मला मान्य आहे. तुझ्या पणजीच्या अंगालाही तो होता.

तुझ्या चौतीस माणसांचा कार्यक्रम सुखाने होवो. मी त्या जेवणास उपस्थित राहणार नाही. माझ्या माणसांना मी वेगळे कळवीन.

तुझ्याविषयी माझ्या मनात राग नाही. कळावे.

काशिराम ब. मढवी


रोडपाली
१९ एप्रिल

हेतलताई,

हे आजोबांना न विचारता लिहितेय, त्यामुळे छापणार नाहीये. मोबाइलवरच वाच.

तू नक्की काय लिहिलंस गं? दोन दिवस झाले, आजोबा माझ्याशी "कृपया मीठ द्यावे" अशा भाषेत बोलतायत. परेश म्हणाला, "आजोबा, भांडण हेतलशी आहे, आम्हाला का शिक्षा?" तर म्हणाले, "शिक्षा नाही. शिष्टाचार आहे."

काल त्यांनी उरणला दाजींना फोन लावला. दाजी तांडेल, ते मचव्यावर होते ते. स्पीकर चालू होता, कारण दाजींना ऐकू येत नाही आणि आजोबांना बटण बंद करता येत नाही. आजोबा म्हणाले, "दाजी, कार्यक्रमात बदल होण्याची शक्यता आहे." तिकडून दाजी ओरडले, "कसला बदल? आमी धा जना येनार हाव, नातवानी गाडी पन सांगून ठेवलीय! तू नाय बोललास तरी आमी येनार, तुज्या दारान बसून जेवनार!" आजोबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. त्यांचं पत्र मी वाचलंय गं, फोटो मीच काढते ना. तुझ्यावर राग नाही असं लिहिलंय, पण राग आहे. आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलंय.

मला एक कळत नाही. तुझ्या पत्रात चौतीस लिहिलंयस. आपल्या बिल्डिंगमधले मी भरलेले तेवढेच चौतीस होतात, मी आत्ता बोटांवर मोजले. मग आजोबांनी भरलेले कुठे गेले? दाजींच्या नावापुढे तर दहा लिहिलेत. मी डोळ्यांनी पाहिलेत.

एकदा लॅपटॉपवर नीट उघडून बघशील?

भाविका


विशाखापट्टणम
२१ एप्रिल

प्रिय आजोबा,

हे पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाचा. भाविका वहिनी तुमच्यासमोर उभी राहील, तिला मी तसं सांगितलंय.

चूक माझी आहे. तुमच्या माणसांना मी वगळलं नाही. वगळलं त्या मठ्ठ तक्त्याने, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. काल पहिल्यांदा मी तो मोबाइलवर न बघता मोठ्या स्क्रीनवर उघडला आणि खाली, अगदी खालपर्यंत गेले. केवढी माणसं आहेत हो, आजोबा! न्हावा, उरण, करंजाडे, जासई. एकेक नाव वाचताना मला रडायला येत होतं आणि हसायलाही.

काय झालं ते सांगते. तुम्ही आकडा कसा लिहिता? अकरा लिहिता, मग तिरकी रेघ, मग आडवी रेघ. ११/- असं. कोणी मागून शून्य चिकटवू नये म्हणून आकडा बंद करायचा, ही तुमची मोजणीची पद्धत, हे आईने मला आत्ता फोनवर सांगितलं. पण यंत्राला ती पद्धत माहीत नाही. नुसता ११ लिहिला तर त्याला तो आकडा वाटतो. मागे ती शेपटी लागली की त्याला तो शब्द वाटतो. एखाद्या माणसाचं नाव असावं तसा. आणि नावांची बेरीज होत नाही. दाजी अधिक दाजी किती? ते गप्प बसतं आणि पुढे जातं. एक चूक झाली असं बोलतही नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट स्वभाव. म्हणून वहिनीने भरलेले चौतीस तेवढे मोजले गेले.

ओळखायची खूण सोपी आहे. खरा आकडा चौकटीत उजवीकडे टेकून बसतो. शब्द झालेला आकडा डावीकडे बसतो. तुमचे सगळे डावीकडे बसले होते, रुसल्यासारखे. मला आधीच दिसायला हवं होतं. ऑफिसमध्ये मी दुसऱ्यांना हेच शिकवते, आणि घरचं काम म्हणून वरवर बघितलं.

मग मी काय केलं? सगळ्या शेपट्या एकदम काढल्या. तशी सोय असते, अमुक शोध आणि त्या जागी काही नको. खटकन आकडे उजवीकडे सरकले आणि बेरीज चौतीसवरून एकशे एकाहत्तर झाली. मी खुर्चीत उडाले. पण दोन ओळी तरीही डावीकडेच. दाजी आणि न्हाव्याची मंडळी. बघते तर काय, तुम्ही शून्याच्या जागी इंग्रजी ओ दाबला आहे!

तेही बदललं. आता बेरीज दोनशे एक. एसी हॉल रद्द केला. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, माणसं कमी झाली का?" मी म्हटलं, सापडली.

एकच ओळ मी दुरुस्त करू शकत नाही. भामाबाईंच्या नावापुढे तुम्ही "जमेल तितकी" असं लिहिलं आहे. तिथे आकडा तुम्हालाच घालावा लागेल.

आणि आजोबा, तुम्ही नसाल तर ते जेवण कोणाचं? याल ना?

तुमची,
हेतल


रोडपाली
२४ एप्रिल

चि. हेतल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचले. भाविका खरोखरच समोर उभी राहिली. तशी आवश्यकता नव्हती.

तुझे स्पष्टीकरण मी संगणकासमोर बसून पडताळले. एका रिकाम्या चौकटीत मी ५/- लिहिले, ते डावीकडे बसले. नुसते ५ लिहिले, ते उजवीकडे गेले. हे मी परेशसही करून दाखविले. तो म्हणाला, त्याच्या ट्रकच्या खेपांच्या तक्त्यातही हल्ली बेरीज कमी येते. पाहिले असता तेथे त्याने प्रत्येक आकड्यापुढे "खेपा" असा शब्द लिहिला होता. त्यास मी समजावून सांगितले.

ओ आणि शून्य यांविषयी: जो गोल दिसला तो मी दाबला. यंत्र करणाऱ्याने दोन गोल ठेवण्याचे कारण नव्हते.

भामाबाईस दूरध्वनी केला आणि निश्चित आकडा मागितला. ती म्हणाली, "मुकादम, मी येकली येतंय का सगला पाडा येतंय, ता आदीपासून कसा सांगू? तुमी भाकरी थापून ठेवा, खाय्ला मानसा मी आनतंय." सबब तिच्या नावापुढे मी पंधरा धरले आहेत. ती टोपल्या वाहत असतानाही आपला आकडा कधी सांगत नसे. मोजल्यावर तो नेहमी माझ्या अंदाजाहून अधिक निघे.

जागेची व्यवस्था झाली आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याची शेड रविवारी रिकामी असते. वर पत्रा आहे, खाली सपाट जमीन आहे. परेश ती धुऊन घेणार आहे. गालिचा नाही.

माझ्या उपस्थितीविषयी तू विचारले आहेस. यजमान अनुपस्थित असणे योग्य दिसत नाही. येईन.

आता एक अडचण. शेपट्या काढल्यापासून तो तक्ता माझ्याने पाहवत नाही. सर्व आकडे उघडे पडले आहेत. उघडा आकडा मी आयुष्यात कोणाच्या हाती दिलेला नाही. यंत्राचा नियम मोडावयाचा नाही, हे मला मान्य आहे. परंतु आकडा बंदही दिसावा आणि मोजलाही जावा, अशी काही तजवीज त्यात असल्यास कळवावे. नसल्यास मी डोळे मिटून घेईन.

तुझा आजोबा,
काशिराम ब. मढवी


विशाखापट्टणम
२६ एप्रिल

प्रिय आजोबा,

आहे! तजवीज आहे!

चार वर्षं मी या तक्त्यांवर पोट भरते आणि हे वापरायची वेळ कधी आली नव्हती. चौकटीला सांगून ठेवता येतं की आत नुसता आकडाच ठेव, पण दाखवताना मागे तिरकी आणि आडवी रेघ जोडून दाखव. फॉरमॅट बदलणं म्हणतात त्याला. म्हणजे आकड्याला शर्ट घातल्यासारखं. अंगाला चिकटत नाही, काढायची गरज नाही, आणि आत माणूस तोच.

मी ते सगळ्या ओळींना लावलं आहे. तुम्ही आता नुसता ७ दाबा, चौकट स्वतःच ७/- असं दाखवेल. आणि बघा, उजवीकडेच बसेल. वरच्या बेरजेलाही लावलं आहे. तीही बंद.

बॉसला दाखवलं. त्याने विचारलं ही कुठली पद्धत. मी सांगितलं, पनवेलच्या मिठागराची. आता आमच्या एका अहवालात प्रत्येक कंटेनरच्या संख्येमागे तुमची शेपटी आहे.

मला चार दिवसांची सुट्टी मिळाली. ३ तारखेला सकाळी पोहोचते. वाढायला मी. कोणाला हात लावू देणार नाही.

हेतल


रोडपाली
५ मे

चि. हेतल हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या पिशवीत भाकऱ्यांच्या डब्याखाली ठेवले आहे. गाडी सुटल्यावर वाचावे. कालचा वृत्तान्त तुला ठाऊकच आहे, परंतु तू सतत वाढत फिरत होतीस, त्यामुळे काही गोष्टी तुझ्या नजरेतून व कानांतून सुटल्या. त्या येथे नमूद करतो.

उरणची गाडी न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकली आणि पंगत खोळंबली, तेव्हा तू विचारलेस, "आजोबा, बाकीच्यांना वाढू का?" मी नको म्हणालो. त्यावेळी इमारतीतील मंडळींनी माझ्याकडे पाहिले. त्यांना भूक लागली होती. परंतु एकानेही ताट पुढे केले नाही. दाजी शेवटी काठी टेकत आत आला आणि येताच ओरडला, "काशिराम, तुजा मशीन आमाला मानसांत धरत नव्हता म्हनतान! आता बग, उजवीकडं बसू का डावीकडं?" सर्व शेड हसली. मी त्यास माझ्या उजवीकडे बसविले.

भामाबाईने सतरा माणसे आणली. मी पंधरा धरली होती. तू कपाळाला हात लावलास, ते मी पाहिले. भामाबाई तुला म्हणाली, "पोरी, घाबरू नको, दोन जना पोटान कमी खातान." ती दोन जणे कोणती, हे मला अखेरपर्यंत ओळखता आले नाही. भाकरी मात्र पुरली. जवळा पुरला. वालाचे बिरडे किंचित उरले, ते आज सकाळी परेशने खाल्ले. पनीर कोणी मागितले नाही.

जेवता जेवता मंडळींनी मिठागरावरच्या आठवणी काढल्या. भामाबाईने टोपली डोक्यावर घेतल्यासारखे करून चालून दाखविले आणि दमयंतीस आपल्यामागे चालावयास लावले. मुंबईत वाढलेल्या एका नातजावयाने विचारले की मीठ जमिनीतून निघते का. त्यास तीन जणांनी एकदम उत्तर दिले आणि ती तिन्ही उत्तरे वेगवेगळी होती. तू त्या वेळी भाताचे पातेले घेऊन माझ्या समोरून गेलीस. तुझ्या ओढणीस जवळ्याचा वास येत होता. तो शोभत होता.

आता मुख्य गोष्ट. उठवणीच्या जेवणात मोजणीचा मुकादम सर्वांचे जेवण झाल्यावर उभा राहत असे आणि पुढील हंगामात मोजणी कोण करणार, ते सांगत असे. शेवटच्या वर्षी कोणाचे नाव घ्यावे, हे मला कळले नव्हते, कारण पुढचा हंगामच नव्हता. काल मी उभा राहिलो. मी मोठ्याने सांगितले की पुढील वर्षापासून हे जेवण दरवर्षी होईल आणि मोजणीचे काम माझी नात हेतल करील. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. तू तेव्हा शेडच्या दुसऱ्या टोकाला पाणी वाढत होतीस. बाहेर ट्रक भोंगा वाजवीत होता. तू मागे वळून पाहिलेस आणि विचारलेस, "काय झालं? कोणाला भात पाहिजे का?" सर्व हसले, आणि सांगावयाचे राहून गेले.

म्हणून लेखी कळवितो. मोजणीचे काम मी काशिराम बळीराम मढवी याने चि. हेतल हिच्याकडे राजीखुशीने सोपविले आहे. तिने पुढील वर्षी एकेका माणसास नावाने बोलवावे, कोणास लांब राहतो म्हणून सोडू नये, आणि भामाबाईचा आकडा नेहमी थोडा वाढवून धरावा. सुट्टीचा अर्ज आतापासून करून ठेवावा.

हे बोललो त्या वेळी पुढील मंडळी हजर होती: दाजी तांडेल, राहणार उरण, ज्याने प्रथम ऐकले नाही व मला दुसऱ्यांदा बोलावयास लावले, भामाबाई घरत, स्वतः व सोबत सोळा, परेश मढवी, भाविका परेश मढवी, जिने हे बोलणे मोबाइलमध्ये घेतले आहे, परंतु बहुतेक वेळ त्यात माझे पाय दिसतात, आणि तुझी आई दमयंती. ती पहिल्या शब्दापासूनच रडत होती, तेव्हा तिची साक्ष मी धरलेली नाही. परंतु ती हजर होती.

काशिराम बळीराम मढवी